वैजयंतीचं दूध

वैजयंतीला पान्हा फुटला होता. पण ते तिनं कुणालाच कळू दिलं नव्हतं.

सकाळ-संध्याकाळ प्रतिभा सिस्टर उकळून घेतलेली स्टीलची वाटी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "काय ताई, आज आलं का थोडं?" वैजयंती मान हलवायची. "न्हाई ओ सिस्टर. दाबलं तरी टिपूस येत न्हाई." सिस्टर पुढच्या खाटेकडं वळल्या की ती पदर घट्ट लपेटून घ्यायची, कारण ब्लाऊज आतून भिजलेला असायचा. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून बाथरूममध्ये जायची, कडी लावायची आणि बेसिनवर ओणवी होऊन दगडासारखी झालेली छाती मोकळी करायची. पिवळसर, दाट दूध नळाच्या पाण्याबरोबर निघून जायचं. ते जाताना बघवायचं नाही, म्हणून ती डोळे मिटून घ्यायची.

मंचरला हायवेच्या कडेचा तो बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा दवाखाना. वरच्या मजल्यावर काचेची खोली, खोलीत पेट्या, आणि पेट्यांत अपुऱ्या दिवसांची बाळं. बाळांच्या आयांना समोरच्या लांबट खोलीत खाटा दिलेल्या. खिडकीखालून कांद्याच्या गाड्या दिवसभर धडधडत जायच्या. पहिले काही दिवस वैजयंती प्रत्येक धडधडीला दचकायची, की पेटीतलं बाळ या आवाजानं घाबरत असेल.

ती डिंभे धरणाच्या वरल्या अंगाच्या वाडीतली. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरई, एवढं घरचं. नवरा सुनील नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलायच्या कामाला. भात झोडायचं चाललं होतं, वैजयंती खळ्यावर पेंढा आवरत होती, आणि कळा सुरू झाल्या. आठवा नुकताच लागलेला. या खेपेला मात्र लंकाबाईनं, म्हणजे सासूनं, घरी ठेवून घेतलं नाही. जीप बोलावली, सुनेला मांडीवर घेऊन बसली आणि रस्ताभर एकच बोलत राहिली, "धीर धर, पोरी. दवाखाना येईस्तवर धीर धर." जीपमधली एक बाई म्हणाली होती, "सातव्याचं तगतं, आठव्याचं न्हाई तगत." लंकाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की ती बाई घोडेगाव येईपर्यंत पुन्हा बोलली नाही.

मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. तिला लगेच काचेत नेलं.

आता लंकाबाई दवाखान्याच्या जिन्याखाली पथारी टाकून होती. सुनेचं दूध आटलं या काळजीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं. भीतीनं आटलं असेल. त्या जीपमधल्या बाईची नजर लागली असेल. नाहीतर दवाखान्याच्या गार फरशीवर पाय ठेवल्यानं वारं शिरलं असेल. बाजारातून अळीव आणला, शेपू आणला. खालच्या चहाच्या टपरीवाल्याला गळ घालून त्याच्या गॅसवर खीर शिजवली आणि पदराखाली झाकून वर आणली. मीठ-मिरच्या ओवाळायला घेतल्या तेव्हा प्रतिभा सिस्टरनं हात जोडले, "आजी, ओवाळा, पण इथं जाळू नका. वर धूर नको." लंकाबाईनं ओवाळल्या आणि पुडीत बांधून ठेवल्या.

वैजयंती खीर मुकाट्यानं खायची. खाल्ली की दूध आणखी भरून यायचं, आणि बाथरूमच्या फेऱ्या वाढायच्या.

का करत होती ती असं? कारण तिला ठाऊक होतं, तिच्या दुधात दोष आहे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला पहिली मुलगी झाली होती. तीही अशीच, दिवस भरायच्या आत, घरीच. जीवच तो केवढा, ओंजळीत मावला असता. अंगाला कापूस गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली. छातीला लावली तर तोंडात धरायची, पण ओढायची नाही. मग जुनी रीत होती तसं दूध काढून, कापसाचा बोळा बुडवून, थेंब थेंब तिच्या तोंडात पिळायचा. एक दिवस असंच पाजताना पोर एकाएकी गप्प झाली. ओठ निळे पडले. पाठीवर थोपटलं, उलटी धरली, तोंडात फुंकर घातली. कशाचा काही उपयोग झाला नाही.

वाडीतल्या भागू आजीनं वैजयंतीच्या दुधाचे दोन थेंब नखावर घेतले, उन्हात धरून बघितले आणि निवाडा दिला. "दुधाला दोष हाय हिच्या. पोरीला दूधच लागलं." मग छाती बांधायला सांगितली, दूध पिळून उंबराच्या मुळाशी टाकायला सांगितलं. वैजयंती रोज उंबराखाली जाऊन दूध टाकत होती आणि मनात म्हणत होती, ह्या पोटानं मी तुला जन्म दिला आणि ह्या दुधानं मारलं.

आता ही दुसरी. हिला तरी वाचवायचं, तर आपल्या दुधाचा थेंब तिच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही. डॉक्टर पावडरचं दूध देतायत ना, देऊ दे. आपण काचेपल्याडून बघत राहू. मोठी होईल, चालेल, बोलेल, आणि आपल्याला "आई" म्हणेल. तेवढं पुरे.

शेजारच्या खाटेवर श्रेया होती. नारायणगावकडची, द्राक्षबागायतदाराची सून, कॉलेज शिकलेली. तिचं बाळही काचेत. तिच्या आईनं, शीलाकाकूंनी, पहिल्या दिवशीच तिला बजावलं होतं की चीक जड असतो, नाजूक बाळाला पचत नाही, तो काढून टाकायचा. श्रेयानं टाकला. नंतर सिस्टर सांगायला आल्या, तेव्हा श्रेयाला वाटलं, आत्ताच सगळं काढून दिलं तर बाळ घरी येईल तेव्हा काय उरणार? म्हणून चार दिवस जपून ठेवलं. आता वाटी धरून बसली तरी जेमतेम तळ ओला व्हायचा, आणि ती ओंजळीत तोंड घालून रडायची. "सिस्टर, साठवलं की राहतं असं वाटलं होतं मला." सिस्टर म्हणायच्या, "विहिरीसारखं आहे ते, ताई. उपसाल तेवढं येतं. काढत राहा, येईल."

त्या दिवशी दुपारी बाथरूमची कडी नीट बसली नव्हती. श्रेयानं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबली. बेसिनमध्ये दुधाची धार पडत होती.

"वैजयंती!"

वैजयंतीनं पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"अगं, एवढं दूध! आणि तू ओतून देतेस?" श्रेयाचा आवाज चिरकला. "मी थेंबाथेंबाला तरसतेय. तुला नसेल द्यायचं तुझ्या बाळाला तर माझ्या बाळाला दे. मी पाया पडते तुझ्या."

"न्हाई!" वैजयंती अशी ओरडली की श्रेया मागं सरली. "न्हाई, ताई. तुमच्या लेकराला तर मुळीच न्हाई."

"का? आम्ही परके म्हणून?"

"तसं न्हाई ओ." वैजयंती भिंतीला टेकून खालीच बसली. "माझं दूध पिऊन पोर मरतं. एक गेलीया माझी."

श्रेया ओल्या फरशीवर तिच्याशेजारी बसली. टाके ताणले गेले तरी बसली. मग श्रेया म्हणाली, "हे सिस्टरना सांगूया. तू सांग, मी बरोबर बसते."

प्रतिभा सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. पहिल्यांदा श्रेयाला म्हणाल्या, "एकीचं दूध तपासल्याशिवाय दुसरीच्या बाळाला आम्ही देत नाही, त्यामुळं तो विषय सोडा." मग वैजयंतीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता सांगा. घाई नाही मला."

वैजयंतीनं सांगितलं. कापूस, चूल, निळे ओठ, भागू आजीचं नख, उंबर. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते सगळं पूर्वीच संपलं होतं.

सिस्टर ऐकून घेऊन म्हणाल्या, "दूध पाजताना बाळ कसं धरलं होतं? आडवं?"

"व्हय. मांडीवर."

"आणि बोळा तोंडात पिळला."

"व्हय."

"मी तिथं नव्हते, ताई, त्यामुळं छातीठोक सांगणार नाही. पण इतक्या लवकर आलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं, ही तिन्ही कामं एकदम जमत नाहीत. शिकायला वेळ लागतो त्याला. त्याच्या आत तोंडात दूध पिळलं की ते अन्ननळीऐवजी श्वासनळीत जातं. म्हणून तर आम्ही नाकातून बारीक नळी घालतो, दूध थेट पोटात सोडतो. दुधात काही दोष नव्हता. आईचं असो, गाईचं असो, नुसतं पाणी असो, तसंच झालं असतं." मग त्यांनी विचारलं, "कोण पाजत होतं तेव्हा?"

वैजयंतीनं उत्तर द्यायला मान वर केली, आणि तिला दारात लंकाबाई दिसली. हातात खिरीचं पातेलं, वर पदर. ती कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिनं सगळं ऐकलंय.

पहिलीच्या वेळी बोळा लंकाबाईच्या हातात होता. वैजयंतीला तेव्हा ताप भरला होता. लंकाबाई रात्रंदिवस नातीला घेऊन बसायची, मऊ कापूस निवडून बोळे वळायची, प्रत्येक थेंबाला "घे माझी बाय, घे," म्हणायची. पोर निळी पडली तेव्हा तिच्याच मांडीवर होती.

वैजयंतीनं सासूवरची नजर काढली आणि सिस्टरकडं बघून म्हणाली, "मीच पाजत व्हते. माझ्याच हातनं झालं."

"तुमची चूक नाही ती," सिस्टर म्हणाल्या. "कुणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला."

दारात पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. वैजयंतीनं पुन्हा बघितलं तेव्हा पातेलं तिथंच होतं, पण लंकाबाई नव्हती.

त्या संध्याकाळी वैजयंतीनं पहिल्यांदा वाटीत दूध काढलं. श्रेयानं वाटी धरली. सिस्टर दूध काचेत घेऊन गेल्या. वैजयंती काचेला नाक लावून उभी राहिली. नळीला जोडलेल्या उभ्या धरलेल्या सिरिंजमधून ते पिवळं दूध हळूहळू खाली उतरत होतं. तिला वाटलं, धावत जावं आणि नळी ओढून काढावी. बाळाच्या ओठांवरून तिची नजर हलत नव्हती. ओठ गुलाबी होते. दूध संपलं, तरी गुलाबीच होते. सिस्टरनी हातानं खूण केली, जा, झोप. ती गेली नाही. मग कुणीतरी स्टूल आणून दिलं आणि ती काचेशीच बसून राहिली.

सकाळी सिस्टर बाहेर आल्या त्या हसतच. "शी केली बाई तुमच्या लेकीनं! चांगली पिवळी. पचलं दूध."

वैजयंतीला त्या शीचं इतकं कौतुक वाटलं की ती रडायलाच लागली, आणि ज्या बायका बघत होत्या त्या हसायला लागल्या. श्रेयाही हसली. तिच्या वाटीत त्या दिवशी तळाच्या वर दूध आलं होतं. लेकीशेजारी बसलेल्या शीलाकाकूंनी ती वाटी दोन्ही हातांनी उचलून स्वतः सिस्टरकडं नेऊन दिली, सांडू नये म्हणून पाऊल जपत.

बाळ वाढू लागलं. तोळ्यामाशानं, पण वाढू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, उबेला. सिस्टरनी बाळाला टोपी घालून वैजयंतीच्या ब्लाऊजच्या आत, दोन्ही स्तनांच्या मधोमध, बेडकासारखं निजवलं आणि वरून फडकं बांधलं. वैजयंतीला बाळाच्या काळजाचे ठोके स्वतःच्या अंगात जाणवत होते, आणि कुठला ठोका कुणाचा ते कळत नव्हतं.

सगळं नीट चाललं होतं. फक्त लंकाबाई वर येत नव्हती. खीर यायची, भाकरी यायची, पण सुनीलच्या हाती. त्यानं बाजारातून सुट्टी काढली होती. वैजयंतीनं त्याला विचारलं, "आत्या का येत न्हाईत?"

"काय समजंना बघ. जिन्याखाली गुडघ्यात डोकं घालून बसती. म्हनती, पोरीवर माझी सावली नगं."

वैजयंती तशीच उठली आणि कठडा धरत जिना उतरली. लंकाबाई तिला बघून घाबरीघुबरी झाली. "अगं, टाके हायेत तुला! खाली कशाला आलीस?"

"तुमी वर येईनात म्हणून."

"मी नगं तिथं."

"आत्या, पोर दिवसभर छातीवर ठेवायची म्हनत्यात डॉक्टर. मला बसून बसून पाठीत कळ येती. मी निजल्यावर कुनी ठेवायची? ह्यांच्या अंगाला क्रेटचा वास. तुमी चला."

लंकाबाईनं आपले दोन्ही हात पुढं केले. भाताच्या पात्यांनी चिरलेले, शेणामातीनं भेगाळलेले हात. "ह्यांच्यात न्हाई द्यायची ती. तू तिथं खोटं बोललीस. मला वाचवलंस. तवा माझ्या मनाला काय वाटलं व्हतं ते तुला ठावं न्हाई. भागू म्हनली दूध वाईट, आन मी गप ऱ्हायले. मला बरं वाटलं, पोरी. दूध वाईट, म्हंजी हात वाईट न्हाईत. एवढी वर्षं तू ते दुःख वागवलंस, आन मी बघत ऱ्हायले."

वैजयंती पायरीवर बसली. तिला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. उंबराखालच्या त्या सगळ्या सकाळी आठवल्या. पण त्याबरोबर हेही आठवलं की ताप डोक्यात चढला असताना कानावर येत होतं ते एकच, "घे माझी बाय, घे."

"आत्या, दूध माझं व्हतं आन बोळा तुमचा व्हता. दोघीबी तिला जगवायलाच बसलो व्हतो. मारायला कुनीच बसलं न्हवतं."

लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. मुलाच्या लग्नात, नवऱ्याच्या मरणात, कधी कुणासमोर न रडलेली बाई दवाखान्याच्या जिन्याखाली हमसून रडली. वैजयंतीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "चला. साबनानं हात धुवा, कोपरापर्यंत. सिस्टर लई कडक हाय त्या बाबतीत."

वर प्रतिभा सिस्टरनी आजीला खुर्चीवर रेलून बसवलं. "आजी, याला कांगारू म्हणतात."

"ते काय अस्तंय?"

"एक जनावर असतं परदेशात. पिलाला पोटाच्या पिशवीत घेऊन फिरतं."

"मंग आमच्या भिमाशंकराच्या रानातली वानरीन काय करती? तिला न्हाई का पोट?" लंकाबाई म्हणाली. सिस्टरनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. लंकाबाई श्वास रोखून बसली. हात कुठं ठेवावे तिला कळेनात. वैजयंतीनं तिचा एक हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा खाली आधाराला दिला. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, शोधल्यासारखं केलं, काही मिळालं नाही म्हणून कुरकुरलं आणि झोपून गेलं.

"श्वास घ्या, आजी," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही घेतला तर ती घेईल."

लंकाबाईनं श्वास घेतला. वैजयंती समोरच्या खाटेवर आडवी झाली आणि बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपली.

नळी निघाली. वाटी-चमचा आला, बाळाला उभं धरून, थांबत थांबत. मग एका दुपारी सिस्टर म्हणाल्या, "लावून बघूया." बाळानं एकदा सोडलं, दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा धरलं आणि ओढलं. ओढणं, गिळणं, श्वास. ओढणं, गिळणं, श्वास. बाळ मध्येच थांबायचं, दमल्यासारखं. वैजयंतीही थांबायची. पुन्हा सुरू व्हायचं. श्रेया पलीकडून बघत होती. तिचं बाळ अजून नळीवर होतं, पण आता नळीत तिचंच दूध जात होतं.

घरी सोडलं त्या दिवशी सुनीलनं जीप सांगितली. वाडीत पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं, आणि अंगणात बायका जमल्या होत्या. भागू आजी काठी टेकत पुढं आली. तिच्या हातात मधाची बाटली आणि पिंजलेला कापूस होता. पोर किती बारकी, असं म्हणत तिनं बाळावरचा पदर बाजूला करायला हात घातला.

लंकाबाई मध्ये आली. "मावशी, मध नगं. आन कापूस तर नगंच."

"मंग पाजायचं काय? हिचं दूध..."

"हिचंच दूध. दुसरं काय अस्तंय?" लंकाबाईचा आवाज अंगणभर गेला. "पोर ह्याच दुधावर वाढलीया. दाक्तरनं वजन करून सांगितलंय."

भागू आजीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आन मंग पयली?"

वैजयंतीनं आत जाता जाता थांबून सासूकडं बघितलं. लंकाबाईनं नजर चुकवली नाही.

"पयलीला मी बोळ्यानं पाजलं, मावशी. दूध वाट चुकलं आन छातीत गेलं. तवा आपल्याला ठावं न्हवतं. आता ठावं झालंय." मग तिनं सगळ्या बायकांकडं बघितलं. त्यात दोघी गरोदर होत्या. "कुनाचं लेकरू लवकर आलं तर वाट बघू नका. जीप बोलवा. मला हाक मारा, मी येते संगं. छातीवर कसं बांधायचं, ते मला येतंय."

भागू आजीनं अंगणाच्या कडेला बसून मधाची बाटली बाजूला ठेवली. "घरात ऊब तरी कराल का न्हाई?" ती पुटपुटली, आणि आपल्या एका सुनेला गोवऱ्या आणायला पिटाळलं.

आत बाळ रडायला लागलं होतं. आता ते मांजराच्या पिलासारखं नव्हतं, चांगलं खणखणीत होतं. वैजयंतीनं भिंतीला पाठ टेकली, बाळाचं डोकं कोपरात घेतलं आणि पदर ओढला. लंकाबाई दारातच बसली, बाहेरच्या बायकांकडं पाठ करून, वारं आत येऊ नये अशी.